जाळले म्हणजे संपले? रुग्णालयातील कचऱ्याविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

रुग्णालयाचा कचरा म्हटला की रक्ताने माखलेला, जंतूंनी भरलेला आणि हात लावताच आजार जडवणारा ढीग बहुतेकांच्या नजरेसमोर येतो, आणि तो सगळा एकत्र बांधून जाळून टाकणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे, असे चांगली सुशिक्षित माणसेही गृहीत धरतात. या धारणेतील दोन्ही भाग चुकीचे आहेत आणि त्यांचे परिणाम रुग्णालयाच्या भिंतींपलीकडे राहणाऱ्या लोकांना भोगावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आरोग्यसेवेतून निर्माण होणाऱ्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे 85 टक्के कचरा हा घरातल्या किंवा कार्यालयातल्या कचऱ्यासारखाच साधा असतो. औषधांचे खोके, वेष्टने, कागद, उपाहारगृहातील उरलेले अन्न हे सारे त्यात येते. उरलेल्या सुमारे 15 टक्क्यांत संसर्गजन्य, रासायनिक किंवा किरणोत्सारी, म्हणजे घातक ठरणाऱ्या वस्तू असतात. मात्र हे प्रमाण आपोआप टिकत नाही. रक्ताने भिजलेला एक बोळा कोऱ्या पुठ्ठ्यांच्या पिशवीत पडला, की त्या क्षणापासून ती अख्खी पिशवी संसर्गजन्य मानावी लागते आणि तिच्यावरील प्रक्रियेचा खर्चही त्याच दराने करावा लागतो. त्यामुळे रुग्णालयातील कचरा कमी करण्याचे काम भट्टीपाशी सुरू होत नाही; ते सुरू होते रुग्णाच्या खाटेशेजारी, वस्तू हातातून सुटते तिथे.

भारतात याबाबतचे पहिले स्वतंत्र नियम पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली 1998 साली आले. त्यांत कचऱ्याचे 10 प्रकार केलेले होते. घाईच्या वेळी वॉर्डातल्या कोणालाही ते लक्षात ठेवणे अवघड होते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांच्या जागी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चारच रंग ठेवले. एखाद्या रुग्णाची सलाईन संपल्यावर काय होणे अपेक्षित आहे हे पाहिले, की या रंगांमागचा विचार स्पष्ट होतो. सलाईनची प्लॅस्टिकची बाटली आणि नळी लाल पिशवीत जाते, कारण निर्जंतुक केल्यावर त्या प्लॅस्टिकचा पुनर्वापर होऊ शकतो. सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जाते. सलाईनमधून दिलेल्या इंजेक्शनची काचेची बाटली निळ्या डब्यात, टोचलेल्या जागी दाबून धरलेला रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि नळीचे कोरे वेष्टन साध्या कचऱ्यात. एका सलाईनचा कचरा असा पाच ठिकाणी विभागला जातो. हे काम परिचारिकेने किंवा वॉर्डातल्या मावशींनी जागच्या जागी केले नाही, तर नंतर ते कोणालाच सुरक्षितपणे करता येत नाही, कारण बांधलेली पिशवी उघडून पुन्हा निवडणे म्हणजे त्यात दडलेल्या सुईवर हात टाकणे होय.

आता दुसरा समज: जाळले म्हणजे संपले. या समजाला एके काळी अधिकृत बळही मिळाले होते. दिल्लीतील कचऱ्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये 50 आणि त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना इन्सिनरेटर, म्हणजे उच्च तापमानाची दहनभट्टी, किंवा तितकीच परिणामकारक पर्यायी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला, आणि भट्टी हीच स्वच्छतेची खूण मानली जाऊ लागली. वस्तुतः जाळल्याने पदार्थ नाहीसा होत नाही. त्याचे वायू, धूलिकण आणि राख होते. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक कचऱ्यासोबत जळले, की डायॉक्सिन आणि फ्युरान ही संयुगे तयार होतात. ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत, चरबीत साठत जातात आणि दूध, मासे, मांस यांच्यावाटे माणसाच्या शरीरात पोहोचतात. डायॉक्सिनच्या गटातील सर्वांत विषारी संयुग माणसात कर्करोग निर्माण करते हे सिद्ध झालेले आहे. 2001 च्या स्टॉकहोम करारात रुग्णालयीन कचऱ्याच्या भट्ट्यांची नोंद अशा प्रदूषकांचे स्रोत म्हणून केलेली आहे.

भट्टी नीट चालवणे हे म्हणूनच काटेकोर काम आहे. नियमांनुसार तिच्या पहिल्या कक्षात सुमारे 800 अंश आणि दुसऱ्या कक्षात सुमारे 1050 अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते, वायू दुसऱ्या कक्षात किमान 2 सेकंद थांबावा लागतो आणि धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या दर घनमीटर वायूत डायॉक्सिन व फ्युरान यांचे विषारी सममूल्य 0.1 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढे पाळूनही वायू सावकाश थंड झाला, तर साधारण 200 ते 450 अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन पुन्हा तयार होऊ शकते, म्हणून तो झटकन थंड करावा लागतो. रुग्णालयाच्या मागच्या आवारात पेटवलेल्या पिंपाकडून यातले काहीही साधत नाही. शरीराचे कापलेले अवयव, मुदतबाह्य औषधे अशा पिवळ्या पिशवीतील काही गोष्टींसाठी दहन आवश्यक आहे हे खरेच. पण तेवढ्यापुरतेच ते राहावे यासाठी बाकीचा कचरा भट्टीपासून दूर ठेवावा लागतो. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे वापरातून बाद करण्यास नियमांनी सांगितले ते याच कारणाने. मुंबईत गोवंडी परिसरातील रहिवाशांनी शहरातील रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या एका केंद्राच्या धुराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, ती त्यांना धुराचा रोजचा त्रास असल्यामुळे. शहराची सोय आणि एका गरीब वस्तीचे श्वास यांचा हा हिशेब कोणत्याही अर्थी न्याय्य म्हणता येत नाही.

न जाळता जंतू मरत नाहीत, अशी शंका यावर हमखास घेतली जाते. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, ते काम करते. साध्या प्रकारच्या यंत्रात 121 अंश सेल्सिअस तापमान 60 मिनिटे राखावे, असे नियम सांगतात. जंतू खरोखर मेले की नाही हे पाहण्यासाठी उष्णतेला अत्यंत चिवटपणे तोंड देणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू मुद्दाम आत ठेवून ते जिवंत राहिले का, हे तपासले जाते. त्यानंतर लाल पिशवीतील प्लॅस्टिकचे यंत्राने तुकडे करतात. ही शेवटची पायरी गौण वाटली, तरी तिच्याअभावी काय घडू शकते हे 2009 मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात दिसले: वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याने तिथे हिपॅटायटिस बीची साथ पसरली, अनेकांचा बळी गेला आणि वापरलेल्या सिरिंजा भंगाराच्या बाजारात विकल्या जात असल्याचे उघडकीस आले.

एकदा वापरून फेकायच्या वस्तू नेहमीच अधिक सुरक्षित, हा समजही तपासायला हवा. सुई आणि सिरिंज यांच्याबाबत तो पूर्णपणे खरा आहे आणि त्यात तडजोडीला जागा नाही. हातमोज्यांचे मात्र तसे नाही. रक्त किंवा शरीरातील स्रावांशी संपर्क येणार नसताना मोजे घातले, की कचरा वाढतोच, शिवाय एकाच मोज्याने अनेक पृष्ठभाग हाताळले जातात आणि हात धुणे मागे पडते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयाने 2018 मध्ये अनावश्यक मोजे टाळण्याची मोहीम राबवली, तेव्हा पहिल्याच वर्षात सुमारे 21 टन प्लॅस्टिक वाचले.

सांडपाण्याकडे त्या मानाने फारच कमी लक्ष जाते. ब्लीचिंगचे द्रावण ओतले की नाल्यात जाणारे पाणी निर्धोक होते असे मानले जाते. पण क्लोरीन जंतू मारण्यासाठी आहे, औषधांचे सर्व अवशेष आणि जड धातू त्याने नष्ट होत नाहीत, उलट सेंद्रिय पदार्थांशी त्याचा संयोग होऊन नवी घातक संयुगे बनू शकतात. मुदत संपलेली प्रतिजैविके बेसिनमध्ये ओतणे तर अधिकच धोक्याचे, कारण पाण्यातील त्यांच्या अल्प मात्रेत औषधांना दाद न देणारे जिवाणू तगून वाढतात. अशी औषधे उत्पादकाकडे परत पाठवणे किंवा पिवळ्या पिशवीतून योग्य दहनासाठी देणे हाच मार्ग आहे.

हे सारे मोठ्या रुग्णालयांपुरते आहे, असे समजणारे दवाखाने गावोगावी आढळतात. 2016 चे नियम खाटांची संख्या पाहत नाहीत. एका डॉक्टरचा दवाखाना, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा, आयुर्वेदिक रुग्णालय, जनावरांचा दवाखाना, रक्तदान शिबिर आणि शाळेतील प्रथमोपचार कक्षही त्यांच्या कक्षेत येतात, आणि 75 किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर कचरा तिथेच सोपवावा लागतो. घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्याची सुई या नियमांत बसत नसली, तरी घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचरा ठरवून वेगळे ठेवण्यास सांगितले आहे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत असते, आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात हात घालणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांपैकी अनेकांना ती लस कोणी दिलेली नसते. जाड प्लॅस्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात त्या सुया साठवून, वर ठळक अक्षरांत लिहून तो कामगाराच्या हाती स्वतंत्रपणे देणे, एवढे तरी प्रत्येक घराला शक्य आहे.