शिकारी मोटारवाहने

शिकारी मोटारवाहने : शिकारी, त्याचे साहित्य आणि मारलेले जनावर यांची रस्ते नसलेल्या प्रदेशातून ने-आण करण्यासाठी वापरली जाणारी वाहने. जीपसारख्या चारही चाकांना एंजिनाची शक्ती मिळणाऱ्या मोटारगाड्या, हलके ट्रक आणि रुंद, कमी दाबाच्या टायरांच्या एकदोन माणसांच्या छोट्या गाड्या यांचा त्यांत समावेश होतो. वाहनाने शिकारीच्या क्षेत्रापर्यंत जाणे व वाहनातूनच शिकार करणे या दोन भिन्न गोष्टी असून या विषयाचा नैतिक व कायदेशीर विचार मुख्यतः याच भेदावर आधारलेला आहे.

इतिहास : मोटारगाडीपूर्वी भारतात हत्ती, घोडा व बैलगाडी, तर पूर्व आफ्रिकेत हमालांचे तांडे शिकारीसाठी वापरीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय संस्थानिकांनी खास शिकारीसाठी मोटारी बांधवून घेतल्या. कोटा संस्थानचे महाराव उम्मेदसिंह यांच्यासाठी १९२५ साली तयार झालेली, शोधदीप बसविलेली रोल्स-रॉइस गाडी विशेष प्रसिद्ध आहे. पूर्व आफ्रिकेत याच दशकात मोटारीचा प्रसार झाला. सेरेंगेटीच्या मैदानात मोटारीतून होणाऱ्या सिंहांच्या हत्येविरुद्ध डेनिस फिंच हॅटन या व्यावसायिक शिकाऱ्यानेच १९२८ साली लंडनच्या टाइम्समध्ये आवाज उठविला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी १९४१–४५ या काळात विलिस व फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. युद्धानंतर त्यांतील अनेक गाड्या नागरिकांच्या हाती आल्या. १९४८ साली ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आली, तर जपानमध्ये टोयोटा कंपनीने १९५१ साली बनविलेल्या गाडीस पुढे लँड क्रूझर हे नाव मिळाले. भारतात मुंबई येथे जीपची जुळणी सुरू झाली व संस्थानिकांपुरते मर्यादित असलेले साधन जमीनदार, अधिकारी व कंत्राटदार यांनाही उपलब्ध झाले.

रचना : युद्धकालीन जीपच्या पुढील व मागील आसांतील अंतर सु. २०३ सेंमी. व एंजिनाची शक्ती सु. ६० अश्वशक्ती होती. गाडी लहान असल्याने ती झाडांमधून सहज वळे. अशा वाहनांत नेहमीच्या गिअरपेटीस जोडून दुसरी पेटी असते. तिच्याद्वारे शक्ती पुढील चाकांनाही दिली जाते. तसेच गती कमी करून चाकांवरील पीळ वाढविता येतो. त्यामुळे तीव्र चढ चढणे व एंजिनाच्याच रोधाने सावकाश उतरणे शक्य होते. एक चाक चिखलात घसरू लागल्यास डिफरन्शियलमुळे सर्व शक्ती त्याच चाकाकडे वाया जाते. हे टाळण्यासाठी काही गाड्यांत ते जखडून ठेवण्याची सोय असते. गाडीचा तळ जमिनीपासून उंच ठेवतात व पुढील भागावर पोलादी दोराचा विंच बसवितात.

वापर व दक्षता : वाळूतून जाताना टायरांतील हवा कमी करतात, त्यामुळे टायर पसरून भार विभागला जातो, पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरणे आवश्यक असते. उतारावर गाडी आडवी न नेता सरळ नेतात. अन्यथा ती उलटण्याचा संभव असतो. वाळलेल्या गवतातून गेल्यास तापलेल्या धूरनळीमुळे वणवा लागू शकतो. चालत्या वाहनात बंदूक भरलेली न ठेवणे हा सर्वमान्य नियम आहे. मारलेल्या जनावराचे मांस लवकर नासते. म्हणून आतडी काढून ते हवेशीर जागी, एंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवतात. दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथे माग काढणारे मागील उघड्या भागात उभे राहतात व ताजा माग दिसताच सर्वजण उतरून पायी पाठलाग करतात.

वन्य जीवांवरील परिणाम : काळवीट थोडा वेळ ताशी सु. ८० किमी. वेगाने धावू शकतो. परंतु तो थकतो, गाडी थकत नाही. शिवाय धावत्या वाहनाच्या पुढून आडवे जाण्याची त्याची प्रवृत्ती त्यालाच घातक ठरते. रात्री प्रखर झोतात जनावराचे डोळे चमकतात व ते दिपून जागीच उभे राहते. माळढोक पायी येणाऱ्या माणसास पाहून दूर जातो, मात्र वाहनास बरेच जवळ येऊ देतो. पूर्वी दुर्गमता हेच या प्राण्यांचे संरक्षण होते. जीपने ते नाहीसे केले. १९४७ साली कोरिया संस्थानात (सध्याच्या छत्तीसगढमध्ये) रात्री मोटारीतून तीन चित्ते मारले गेले. देशातील चित्त्यांच्या अखेरच्या नोंदींत ही घटना गणली जाते. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. अरबस्तानातील ओरिक्स हे हरिणवर्गीय जनावर मोटारींतून झालेल्या शिकारीमुळे १९७२ च्या सुमारास निसर्गातून नष्ट झाले. बंदिस्त जागी जोपासलेल्या कळपांतून १९८२ साली त्याची ओमानमध्ये पुनःस्थापना करण्यात आली.

कायदे : अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मोटारवाहनातून गोळी झाडण्यास मनाई असून अनेक ठिकाणी अपंग शिकाऱ्यांना परवान्याने सवलत मिळते. केन्याने १९७७ साली शिकारीवरच बंदी घातली. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानाधारकासही वाहनातून शिकार करण्यास किंवा वाहनाने जनावरे हाकण्यास मनाई होती. १९९१ च्या दुरुस्तीने छंद म्हणून करावयाची शिकारच संपुष्टात आली. माणसाच्या जीविताला धोका वा पिकांची हानी अशा प्रसंगी सक्षम अधिकाऱ्याच्या अनुज्ञेने अपवाद केला जातो. चोरट्या शिकारीसाठी वापरलेले वाहन जप्त करता येते.

महाराष्ट्रात ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पांत उघड्या जीपसदृश गाड्यांतून पर्यटकांना वाघ दाखविले जातात व वन कर्मचारी तशाच गाड्यांतून गस्त घालतात. तथापि येथेही जनावराचा मार्ग अडविणे, त्याचा पाठलाग करणे व ठरलेली वाट सोडणे हे दोष टाळावे लागतात. वाहनाच्या वेगाला व पल्ल्याला चालकाने स्वतःहून मर्यादा घालणे ही शिकारीच्या काळात दुर्लक्षिलेली अट आजही तितकीच महत्त्वाची आहे.