व्हायोलिन, फिडल आणि रेबेक

व्हायोलिन हे वाद्य आता आपणां सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु त्याच्या नावाचा अर्थ काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गोव्यात तर या एकाच वाद्याला दोन नावे आहेत. मराठी वाचणारे आपण त्याला व्हायोलिन म्हणतो. आमच्या कोकणीत, विशेषतः ख्रिस्ती घरांतून, त्याला ‘रेबेक’ म्हणतात. वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडून ‘रेबेक’ हा शब्द निघाला, की शेजारची मुले गालांत हसतात. तो शब्द गावंढळ आहे, अशी त्यांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, ते पाहू.

प्रथम व्हायोलिन. हा शब्द मूळचा इटालियन ‘व्हिओलिनो’. इटालियन भाषेत शब्दाच्या शेवटी ‘इनो’ लावला म्हणजे ती वस्तू लहान होते आणि ‘ओने’ लावला म्हणजे मोठी होते. आपण डबा आणि डबी म्हणतो, त्यातलाच प्रकार. गजाने वाजवावयाच्या तंतुवाद्यांना इटलीत ‘व्हिओला’ हे सर्वसाधारण नाव होते. त्यांतील धाकटी ती व्हिओलिनो, थोरली ती ‘व्हिओलोने’. पुढे त्या थोरलीचीही एक लहान आवृत्ती निघाली आणि तिला ‘व्हिओलोन्चेल्लो’ म्हणू लागले, म्हणजे ‘लहानशी मोठी व्हिओला’! लोकांना एवढे लांब नाव उच्चारण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी पुढचा सारा भाग गाळून नुसते ‘चेलो’ ठेवले. घरापासून घरकुल व्हावे आणि मग ‘घर’ टाकून नुसते ‘कुल’ उरावे, तशी ही गंमत आहे. चेलो या नावात वाद्य कोठेच नाही, केवळ लहानपणा तेवढा शिल्लक आहे.

व्हिओला शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘व्हितुला’ या शब्दात असावे, असे बहुतेक कोशकार मानतात. इंग्रजांचा ‘फिडल’ हाही त्याच व्हितुलेचा वंशज असावा, असे त्यांचे मत आहे. तसे असेल तर व्हायोलिन आणि फिडल ही एकाच आजीची नातवंडे ठरतात. मात्र व्हायोलेट नावाच्या जांभळ्या फुलाशी या वाद्याचा काही संबंध नाही. त्या फुलालाही लॅटिनमध्ये ‘व्हिओला’च म्हणतात, पण ते केवळ नामसादृश्य आहे.

याहून मोहक असा एक भ्रम आपल्याकडे आहे. व्हायोलिन हा शब्द संस्कृत ‘बाहुलीन’ यापासून निघाला, असे सांगणारे विद्वान भेटतात. बाहूवर लीन झालेले ते बाहुलीन! कल्पना सुंदर आहे, पण व्युत्पत्ती खोटी आहे. नवल असे, की हाच अर्थ या कुळातील एका खऱ्या नावात सापडतो. हातावर धरावयाच्या व्हिओलेला इटालियन लोक ‘व्हिओला दा ब्राच्चो’ म्हणत; ब्राच्चो म्हणजे बाहू. पायांमध्ये धरावयाची ती ‘दा गांबा’. जर्मन लोकांनी त्या ब्राच्चोचे ‘ब्राचे’ केले, आणि व्हिओला या वाद्याला ते आजही त्याच नावाने ओळखतात.

आता रेबेक. पोर्तुगीज भाषेत व्हिओला म्हणजे बोटांनी छेडावयाचे गिटारसारखे वाद्य. गजाने वाजवावयाचे ते ‘रबेका’. हा शब्द अरबी ‘रबाब’पासून आला. अरबांचे राज्य स्पेन-पोर्तुगालात कित्येक शतके होते, हे इतिहासाच्या तासाला तुम्ही शिकला आहातच. दहाव्या शतकातील अल्-फाराबी या पंडिताच्या संगीतग्रंथात रबाबाचे वर्णन आहे. व्हायोलिनला आजचे रूप आले ते सोळाव्या शतकात, इटलीत. म्हणजे ज्या शब्दाला मुले हसतात, तो व्हायोलिनपेक्षा वयाने कितीतरी वडील आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून गोव्यातील मुले स्वरलेखन आणि हे वाद्य शिकत. शिकविणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. आपला ‘मेस्त्री’ हा त्याचाच भाऊबंद. त्या परंपरेतून पुढे आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोठे नाव मिळविले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक; संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. अलीकडे मात्र खुद्द गोव्यातही तरुण मंडळी व्हायोलिनच म्हणतात आणि रेबेक हा शब्द म्हाताऱ्या माणसांपुरता उरत चालला आहे. मला तो फार आवडतो, हे येथे सांगून टाकतो.

हे वाद्य कोणत्या प्रांतात कोणाकडून आले, हे नावावरूनच कळते. बंगालीतील ‘बेहाला’ पोर्तुगीज व्हिओलावरून आला. कानडीतील ‘पिटीलु’ आणि तेलुगूतील ‘फिडेलु’ हे उघडउघड इंग्रजांचे फिडल. दक्षिणेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात आणले. महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी आणि वाईचे वि. गो. जोग यांनी त्याला ख्यालाची भाषा शिकविली.

वाद्याच्या अवयवांची नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘गज’ शब्दाचा हत्तीशी संबंध नाही; तो फारसी ‘गझ’, म्हणजे मोजण्याची काठी. तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात, त्याला आपण ‘घोडी’ म्हणतो. पोर्तुगीज ‘कव्हलेत’ आणि फ्रेंच ‘शव्हले’ यांचाही शब्दशः अर्थ लहान घोडा असाच आहे. कोणी कोणाचे पाहून ठेवले असे नव्हे. पाठीवर भार घेऊन उभा असलेला तो तुकडा पाहून दोन्हीकडे तोच प्राणी सुचला असावा.

घोडीच्या एका पायाजवळ, वाद्याच्या पोटात, एक बारीक काठी उभी असते. तिला सरस लावीत नाहीत. वरची फळी आणि खालची फळी यांच्या दाबाने ती जागच्या जागी राहते आणि वरचा कंप खाली पोहोचविते. ती घसरून पडली, की तारा शाबूत असूनही नाद बसतो. पोर्तुगीजांनी तिचे नाव ‘आल्म’ ठेवले आहे, इटालियनांनी ‘आनिमा’. दोहोंचा अर्थ आत्मा. आपल्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो सुताचा धागा सारतात, त्याला ‘जीवा’ म्हणतात.