वलवणचं पाणी आणि पोकळीतली ओढ

वलवणच्या धरणातलं पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात पोहोचतं, तोवर ते सुमारे 500 मीटर खाली आलेलं असतं. टाटांची ही योजना 1915 सालची. वीज मिळते ती उंचीतल्या फरकामुळे. तळं नुसतं तुडुंब असून भागत नाही. निर्वातातून फुकट वीज काढण्याचे दावे ऐकले, की मला हा घाट आठवतो.

दावे फोल असले तरी ज्या परिणामाचा ते हवाला देतात तो खराच आहे. विद्युतभार नसलेले दोन धातूचे पत्रे निर्वातात समोरासमोर धरले, तर ते एकमेकांकडे ओढले जातात, असं हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी 1948 साली दाखवलं. निर्वातातही विद्युतचुंबकीय क्षेत्राची चुळबुळ थांबत नाही. पत्र्यांमुळे तिच्यावर बंधन येतं आणि फट अरुंद होईल तशी ऊर्जा घटते. आदर्श पत्र्यांमधली फट 1 मायक्रॉन असेल तर दाब भरतो 1.3 मिलिपास्कल. फट दहापट कमी केली, की दाब दहा हजारपट! पण पत्रे चिकटले की खेळ संपला. ते सोडवायला मिळवलेलं सगळं काम परत मोजावं लागतं. खोपोलीला उतरलेल्या पाण्याच्या जागी निदान पावसाळा नवं पाणी आणून देतो.

मला अधिक रस आहे तो तापमानात. खोलीच्या तापमानाला फट काही मायक्रॉनच्या पुढे गेली, की ओढ मुख्यतः उष्णतेच्या चढउतारांची असते. आदर्श पत्र्यांना तिथे ऊर्जा नव्हे, एन्ट्रॉपी जवळ आणते. मग धातूचा विद्युतरोध हिशेबात धरायचा का? धरला तर दूरवरची ओढ निम्मी होते, आणि निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी निरपेक्ष शून्यालाही शून्य होत नाही. म्हणजे, ती तिथे शून्य व्हायला हवी या नर्न्स्टच्या नियमाला धक्का. न धरावा, तर सोन्याला रोध असतो हे कोणीही सांगेल.

नागपूरला जन्मलेले रामनाथ कौसिक, सी. एस. उन्नीकृष्णन आणि जी. राजलक्ष्मी यांनी कर्नाटकात गौरीबिदनूरला, जमिनीखालच्या प्रयोगशाळेत ही ओढ पिळाच्या तराजूवर मोजली. दोन सपाट पत्रे तंतोतंत समांतर ठेवणं महाकठीण, म्हणून एका बाजूला सोन्याचा मुलामा दिलेलं भिंग होतं. अमेरिकेत 2011 साली 0.7 ते 7 मायक्रॉनपर्यंत झालेल्या मोजमापाने रोध धरणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्याहून कमी अंतरावरचे काही काटेकोर प्रयोग मात्र रोध न धरता केलेल्या गणिताशीच जुळतात.