दश्शी-दुर्रीने दोनदा वर्ल्ड चॅम्पियन केलं, तरी पोकरची पुस्तकं ते पत्ते टाकून द्यायला का सांगतात?

१९७६ साल. लास वेगासमध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा मुख्य सामना रंगात आला होता. शेवटच्या डावात टेक्सासच्या डॉयल ब्रन्सनच्या हातात आले दश्शी आणि दुर्री, म्हणजे एकदम फालतू पत्ते. पण टेबलावर पत्ते असे पडत गेले की त्याचं फुल हाऊस झालं, म्हणजे तीन एकसारखे आणि दोन एकसारखे. डाव त्याचा. पुढच्याच वर्षी पुन्हा तोच माणूस, शेवटच्या डावात पुन्हा दश्शी-दुर्री, पुन्हा फुल हाऊस. आजही पोकरवाले या जोडीला 'डॉयल ब्रन्सन' म्हणतात.

गंमत अशी की पोकर शिकवणारं कुठलंही बरं पुस्तक उघडा, ते सांगेल की ही जोडी आली तर पत्ते टाकून द्या. जिंकून देणारा पत्ता आणि बरोबर निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगली पुस्तकं शिकवतात ती दुसरी.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेले पत्ते, टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच पत्ते, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे. या सातातून ज्याचे पाच पत्ते भारी, तो जिंकला. किंवा बाकीच्यांनी घाबरून पत्ते टाकले, तरी जिंकला.

१९७० च्या दशकाच्या शेवटी ब्रन्सनने स्वतःच्या पैशाने एक जाडजूड पुस्तक छापलं, 'सुपर/सिस्टम'. किंमत १०० डॉलर! वेगवेगळ्या प्रकारांसाठी त्याने त्या त्या प्रकारातले तरबेज खेळाडू बोलावून त्यांच्याकडून प्रकरणं लिहून घेतली. तोवर ही विद्या मोजक्या लोकांकडेच होती, ती बाजारात आली. मग काय, समोर बसणारे लोक ब्रन्सनचेच डावपेच त्याच्यावर वापरायला लागले. पुस्तक लिहून जेवढे कमावले त्याहून जास्त टेबलावर गेले, पुन्हा संधी मिळाली तर लिहिणार नाही, असं तो नंतर सांगायचा. (पुढे त्याने याच पुस्तकाचा दुसरा भागही काढला, हा भाग वेगळा.)

'सुपर/सिस्टम'मध्ये एक प्रकरण लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्कीचं 'द थिअरी ऑफ पोकर' मात्र आजही पहिलं वाचावं असं आहे. त्याचं मुख्य म्हणणं साधं आहे. समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जे केलं असतं, त्याहून वेगळं काही केलंत की फायदा समोरच्याचा. आता पत्ते तर दिसत नाहीत, मग हिशोब करायचा.

समजा तुमच्या हातात दोन बदाम आहेत. टेबलावर चार पत्ते उघडलेत, त्यातही दोन बदाम. अजून एक बदाम आला तर तुमचा फ्लश होतो आणि डाव तुमचा, असं धरू. मध्ये १०० रुपये जमलेत आणि समोरच्याने ५० लावले. तुम्ही ५० टाकायचे का?

बहुतेक जण टाकतात, कारण 'आला तर आला'. हिशोब काय सांगतो बघा. तुम्हाला न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. म्हणजे शक्यता साधारण २० टक्के. पण ५० टाकून १५० मिळवायचे असतील तर निदान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. म्हणजे ही चाल दर वेळी सरासरी ११ रुपयांच्या आसपास तोटा देते. पुढे आणखी पैसे सुटण्याची खात्री नसेल, तर पत्ते टाकलेलेच बरे. कधीतरी बदाम येतो, टेबल ओरडतं, आणि तेवढंच लक्षात राहतं.

माइक कॅरोचं १९८४ चं देहबोलीवरचं पुस्तक मजेशीर आहे, फोटोंसकट. जोर दाखवणारा बहुधा कच्चा असतो, हे त्यातलं सूत्र. पण नवख्याने यावरच भिस्त ठेवली तर खिसा रिकामा होईल.

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन मुख्य सामना आणि २५ लाख डॉलर जिंकले. (आडनाव खरंच तेच आहे.) त्यानंतर खेळायला झुंबड उडाली. २००३ ला ८३९ खेळाडू होते, २००४ ला २,५७६. या दोन्ही वर्षी शेवटच्या टेबलावर पोचलेला एक माणूस होता डॅन हॅरिंग्टन, १९९५ चा विजेता. त्याची 'हॅरिंग्टन ऑन होल्डेम' ही पुस्तकं तेव्हा आली आणि स्पर्धा खेळणाऱ्यांनी डोक्यावर घेतली. हातातले चिप्स किती फेऱ्या पुरतील हे मोजून खेळायची पद्धत त्याने सोपी करून सांगितली. आता कॉम्प्युटर प्रोग्राम प्रत्येक चालीचं गणित काढतात, त्यामुळे त्याचे काही सल्ले जुने झालेत. नव्या पद्धतीसाठी मायकेल असेवेडोचं 'मॉडर्न पोकर थिअरी' आहे, पण ते आकड्यांनी भरलेलं आहे. पहिलंच म्हणून घेतलंत तर २० पानांत झोप लागेल.

पत्ते खेळायचेच नाहीत त्यांनीही दोन पुस्तकं वाचायला हरकत नाही. खेळाडू अ‍ॅनी ड्यूकचं 'थिंकिंग इन बेट्स' सांगतं की निकालावरून निर्णय जोखू नका. दारू पिऊन गाडी चालवून सुखरूप घरी पोचलेल्या माणसाचा निर्णय बरोबर ठरत नाही, तसंच. आणि मारिया कॉनिकोव्हाचं 'द बिगेस्ट ब्लफ'. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या या लेखिकेला सुरुवातीला पत्त्यांच्या कॅटमध्ये किती पाने असतात हेही माहीत नव्हतं. एरिक सायडेलकडे शिकून तिने २०१८ मध्ये बहामामधली एक स्पर्धा मारली.

आता पैशांचा मुद्दा. टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, आपल्याकडच्या अड्ड्यांवर त्याला 'नाल' म्हणतात. सहा जण १,००० रुपये घेऊन बसले आणि दर डावाला २० रुपये नाल गेली, तर १०० डावांत ६,००० पैकी २,००० टेबलावरून गायब. म्हणजे सगळे सारखेच हुशार असले तरी सगळे तोट्यात. पुस्तक वाचून तुम्ही बाकीच्या पाचांपेक्षा थोडे नाही, बरेच सरस व्हायला हवे.

भारतात तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात ठेवलेला नाही, त्यामुळे पोकरही त्यात आलं. गोव्यातल्या परवानाधारक कसिनोंमधली टेबलं हा वेगळा विषय. पैसे न लावता खेळायची अ‍ॅप्स या बंदीत येत नाहीत, आणि बदामाचा तो हिशोब तिथेही तसाच लागू होतो.