फाइल उघडली नाही, पण का?

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला नेहमीचा प्रसंग. विद्यार्थ्याने सी भाषेत प्रोग्राम लिहिला, चालवला आणि पडद्यावर त्याचाच संदेश उमटला : ‘फाइल उघडता आली नाही.’ आता शोधा कारण! नाव चुकलं, परवानगी नाही, की आधीच्या फाइली बंद करायच्या राहिल्या?

गंमत अशी, की ऑपरेटिंग सिस्टीमने कारण केव्हाच सांगितलेलं असतं. प्रोग्रामने ते विचारलेलं नसतं. फाइल उघडणारं ‘एफओपन’ हे फंक्शन फसलं, की ते नुसतं ‘नल’ परत करतं. कारणाचा क्रमांक ‘एरनो’मध्ये जातो. लिनक्सवर २ म्हणजे अशी फाइल नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २४ म्हणजे उघड्या फाइलींची मर्यादा संपली. या क्रमांकाचं वाक्य ‘स्ट्रएरर’ करून देतं. ‘पीएरर’ ते थेट छापूनच टाकतं.

मात्र एरनो ही पाटी आहे, वही नव्हे. पुढचं काही फसलं की आधीचा आकडा गेला. उलट, पुढचं काम सुरळीत झालं म्हणून पाटी कोरी होत नाही. त्यामुळे आधी फंक्शनने काय परत केलं ते पाहायचं आणि ते फसलं असेल तरच एरनो वाचायचा, तोही लगेच.

मध्ये छापणारा एखादा ‘प्रिंटएफ’ घुसला तरी घोटाळा होतो. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली त्या १९७०च्या दशकात टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारं टेलिटाइप यंत्र. पहिल्यांदा छापताना समोर टर्मिनल आहे की साधी फाइल, हे लायब्ररी तपासून पाही. फाइल निघाली, की ती तपासणी २५ हा क्रमांक मागे ठेवून जाई. मग हरवलेल्या फाइलीबद्दल तक्रार करणारा प्रोग्राम गंभीरपणे सांगे : ‘हा टाइपरायटर नाही’!

चांगल्या संदेशात तीन गोष्टी हव्यात : काय करत होतो, कोणत्या फाइलीवर आणि का अडलं. ‘निकाल.डॅट वाचायला उघडता आली नाही : परवानगी नाही’ एवढं पुरे. हा संदेश ‘एसटीडीएरर’ या चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेवर छापावा, म्हणजे उत्तरं फाइलीत वळवली तरी तक्रार पडद्यावरच दिसते.

हे सगळं दोन-तीन ओळींचं काम आहे. त्या ओळी लिहायचा कंटाळा केला, तर त्याची किंमत प्रोग्राम वापरणारा मोजतो.