गर्द : पुडीत बांधलेले घर

मराठीत ‘गर्द’ म्हटले की पूर्वी झाडी आठवे. १९८० नंतरच्या काही वर्षांत हा शब्द मुंबईच्या गल्ल्यांतून निराळ्याच अर्थाने फिरू लागला. फारसीत गर्द म्हणजे धूळ आणि ही वस्तू दिसतेही तशीच, मातकट भुकटी. दुसरे नाव तर आणखी गोड : ब्राऊन शुगर! वास्तविक हे अशुद्ध हेरॉइन. अफूच्या बोंडाच्या चिकातून मॉर्फिन निघते, त्यापासून हेरॉइन बनते. आणि हे हेरॉइन जर्मनीतील बायर कंपनीने १८९८ मध्ये चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते!

व्यसनी माणसाला ‘मनाचा दुबळा’ म्हणून आपण मोकळे होतो. पण गर्दचे शरीरातील काम पाहिले म्हणजे हा निवाडा घाईचा वाटू लागतो. वेदना शमविणारी एंडॉर्फिन नावाची द्रव्ये आपला मेंदू स्वतःच तयार करीत असतो. हेरॉइन त्यांच्याच जागा बळकावते. रोज पुडी मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो; मग कालची मात्रा आज पुरत नाही. पुडी चुकली की सुरू होते ती ‘टर्की’. हा गर्दुल्ल्यांचाच शब्द. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात पिळवटून कळा, उलट्या, जुलाब आणि झोपेचा पत्ता नाही. थोडक्यात, आरंभी सुखासाठी ओढलेली पुडी पुढे केवळ दुखू नये म्हणून ओढावी लागते.

आणि पुडीला रोज रोकडा लागतो. प्रथम वह्या-पुस्तकांच्या नावाने पैसे जातात, मग तांब्या-पितळेची भांडी, मग आईच्या गळ्यातले. घरचे लोक चोरी ओळखतात, पण वाच्यता करीत नाहीत; बहिणीचे लग्न ठरायचे असते ना! व्यसन पोसले जाते ते पुष्कळदा या अब्रूच्या आडोशाने.

१९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. व्यसनी हा गुन्हेगार नव्हे, रुग्ण आहे, ही दृष्टी महाराष्ट्रात रुजविण्यात या घराचा वाटा मोठा. टर्कीचा जोर साधारण आठवड्यात ओसरतो. खरे काम त्यानंतरचे. जुना मित्र, जुना कोपरा दिसला तरी ओढ उसळते. शिवाय एक धोका पालकांना कुणी सांगत नाही : काही काळ नशेपासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. पुन्हा घसरलेल्या मुलाने पूर्वीचीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

पोलिसांच्या भीतीने कितीतरी घरे उपचार टाळतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच ‘६४ अ’ हे कलम पुढे घालण्यात आले आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट सोडले, तर ही सवलत काढून घेता येते.