अभिवृत्ती आणि मनवळवणी

एखाद्या व्यक्तीविषयी वा प्रश्नाविषयी मनात टिकून राहिलेला अनुकूल किंवा प्रतिकूल कल म्हणजे अभिवृत्ती. तिच्यात समजुतीबरोबर भावना आणि वागण्याची ओढही असते, म्हणून नुसती माहिती दिली की ती बदलते हा रूढ समज अपुरा ठरतो. रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांनी १९८०च्या दशकात मनवळवणीच्या (संदेशाने अभिवृत्ती बदलण्याच्या प्रक्रियेच्या) दोन वाटा दाखवल्या: युक्तिवाद तपासून पाहण्याची मध्यवर्ती वाट आणि सांगणाऱ्याचे वजन, लोकप्रियता अशा खुणांवर विसंबणारी परिघीय वाट. कातळावर पडलेला पाऊस झरझर वाहून जातो, मातीत मुरलेला मात्र विहिरीला पुरतो. या दोन वाटांनी झालेल्या बदलांतही असाच फरक असतो. उदाहरणार्थ, धामापूर या गावातला १५३० सालचा तलाव २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा ठरला, एवढ्यावरून वाटू लागलेला आदर खराच असतो, पण तो लवकर ओसरू शकतो. याउलट, तलावाच्या पायरीवर कपडे घासताना साबणाचा फेस पाण्यात पसरतो आणि तेच पाणी पुढे शेतात जाते, हे ज्याने स्वतः ताडून पाहिले, त्याचा तलाव स्वच्छ ठेवण्याकडचा कल विरोधी बोलण्यापुढेही सहसा टिकतो. अर्थात ताडून पाहायला सवड आणि आस्था दोन्ही लागतात, त्यामुळे दमून आलेला माणूस खुणांवर विसंबला, तर त्यात मूर्खपणा मानण्याचे कारण नाही.